जवळा खाल्लेले उंदीर

कोलशेत, ७ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप आवडाआत्यास मोरूचा वाकून नमस्कार. आंबिवलीस सगळे खुशाल असतील. तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला हवी, पण कुठल्या तोंडाने करू?

दिवाळीत मीच तुला सांगितलं, की आमच्या प्रयोगशाळेत गुडघ्यांवर नवं इंजेक्शन निघतंय, उंदीर कसे गुबगुबीत झालेत, आता माणसांचीच पाळी. (मी तिथे पिंजरे धुतो. बोललो मात्र शास्त्रज्ञासारखा.) त्या भरवशावर तू नौपाड्यातल्या ऑपरेशनची तारीख रद्द केलीस, असं तुझी मंजुळा म्हणाली. 

आता खरं ऐक. त्या इंजेक्शनात मूळपेशी असतात, म्हणजे शरीराची झीज भरून काढणाऱ्या. पण त्या भलतीकडेच वाढल्या तर गाठ व्हायची, म्हणून माणसाला टोचण्याआधी वर्षभर उंदरांना टोचून बघतात. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना पेशी, पांढऱ्या चिठ्ठीच्यांना नुसतं मिठाचं पाणी, बाकी खाणंपिणं अगदी सारखं. दर सोमवारी वजन. आता आपल्या घरी कुणाला सुई टोचली की आई त्याच्या ताटात काहीतरी खास वाढते, हे तुला माहीत आहे. मला लाल चिठ्ठीवाल्यांची दया आली. (पांढऱ्यांनाही सुई टोचतात, पण पाण्याचीच, म्हणून त्यांना मी धरलं नाही.) रोज चिमूटभर भाजलेला जवळा घालू लागलो, आईने खाडीवर सुकवलेली ती बारीक कोळंबी. वजनं वाढली. मी म्हटलं, औषधाला गुण आहे. जवळा मीच घालतोय हे त्या वेळी कसं सुचलं नाही, ते विचारू नकोस.

प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना मात्र धास्ती बसली. लालवालेच फुगतायत म्हणजे आत गाठी असणार. गेल्या सोमवारी त्यांनी सगळ्यात जाडा उंदीर (मी त्याला गोमाजी म्हणायचो) मारून उघडला. गाठ नव्हती. पोटात जवळ्याचे काळे डोळे होते. बाई चष्मा काढून एवढंच म्हणाल्या, "सगळं पहिल्यापासून करावं लागणार." आठ महिन्यांचं काम गेलं, गोमाजी गेला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी तिथल्या तिथे कबूल केलं, बाईंनी मोठ्या मनाने माफ केलं.

तुझा,
मोरू

ता. क. ऑपरेशनची तारीख पुन्हा घे. आमचं इंजेक्शन माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील, ते बाईंनाही सांगता येत नाही. दवाखान्यात तुझ्याजवळ मी बसेन.

आणखी एक ता. क. कबूल केलं म्हणून लिहिलं, ते खोटं. मी गप्प उभा होतो. पहारेकरी तानाजी डब्यात रोज जवळा आणतो म्हणून संशय त्याच्यावर आलाय, आणि येत्या सोमवारी त्याला कामावरून काढणार आहेत. तुला लिहून मी कबुलीचा आधी सराव केला. सोमवारच्या आत मिळेल असं एक कार्ड टाक आणि त्यात मला मनापासून शिव्या घाल. ते खिशात असलं तर बाईंच्या खोलीत शिरायचा धीर होईल.