हिलालला चीत करण्याचं बजेट

१ नोव्हेंबर १९३६, रविवार. धुळे.
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही, म्हणून खरं तेच लिहायचं.
निश्चय: येत्या चैत्रात, सासुरवाडीच्या यात्रेत, पंचांच्या देखत हिलालला चीत करायचं. हिलाल म्हणजे माझ्या बायकोचा, वच्छलाचा, थोरला भाऊ. शिंदखेड्याकडचा नावाजलेला पैलवान.
कारण लिहून ठेवतो. पुढे उत्साह कमी पडला तर वाचता येईल. (पडणार नाही.) गेल्या महिन्यात वच्छलाला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला गेलो. मोटार थांबली तिथे चिखल. माझं धोतर नवं. हिलालने मला काखेत हात घालून उचललं, छत्रीसकट, आणि समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर ठेवलं. वर म्हणाला, "धोतर खराब व्हई जाई." दुकानात आठ माणसं होती. आठही हसली. वच्छलासुद्धा. पदर तोंडाला लावून, पण हसली.
मी भंवरलाल शेठच्या जिनिंग फॅक्टरीत कारकून आहे. दरमहा बावीस रुपये. मला असं पोत्यासारखं कुठेही ठेवता येत नाही.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ.
वना उस्तादांच्या आखाड्यात चौकशी केली. म्हातारा साठीचा असेल, मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर. फी विचारली. म्हणाले, "फी कशानी, भाऊ? पहाटे पाचला या. शंभर जोर, शंभर बैठका. दसऱ्याला एक नारळ द्या."
म्हटलं, लेखी एस्टिमेट मिळेल का? ते उठून माती चाळायला गेले.
शिक्षण फुकट आहे याचा अर्थ त्यात काही दम नाही. कमतरता आपण खुराकाने भरून काढू. एस्टिमेट मीच करतो. हिशेबात माझा हात धरणारा फॅक्टरीत कोणी नाही.

३ नोव्हेंबर.
दरमहा: दूध रोज दोन शेर, साडेसात रुपये. बदाम दोन. तूप अडीच. मालिशचं तेल बारा आणे. एकदाच लागणारं: लंगोट दोन, बारा आणे. फिरवायच्या लाकडी मुदगलांची जोडी, अडीच रुपये. पहिल्या महिन्याचे एकूण बरोब्बर सोळा. पै-पैसा सुटला नाही. हा शुभशकुन.
खोलीभाडं तीन रुपये. उरलेल्या तिनात एक माणूस सहज जेवतो. दोन मात्र जेवत नाहीत. म्हणजे वच्छला माहेरी आहे हे बजेटच्या दृष्टीने उत्तमच झालं. बजेट मंजूर.

५ नोव्हेंबर, पहाटे पाच.
(पावणेआठ. पण पाचला एकदा जाग आली होती, ती नोंदवतो.)

९ नोव्हेंबर.
आखाड्यात पहिला दिवस. पोचलो तेव्हा मंडळी आंघोळ करून डोकी पुसत होती. उस्तादांनी हातात फावडं दिलं. म्हणाले, आधी माती खणा, मातीशी ओळख होऊ द्या. मला वाटलं होतं, डावांपासून सुरुवात असेल. अकरा वेळा फावडं मारलं. बाराव्याला कमरेत काहीतरी बोललं.

१० नोव्हेंबर.
उठता येत नाही. आठ दिवस विश्रांती. खुराकात मात्र खंड नको, नाहीतर केलेली मेहनत वाया जाते. शेजारच्या भागाबाई दूध घालतात. दोन शेराचं भांडं बघून म्हणाल्या, "पाव्हणे येल शेतस का?" म्हटलं, नाही, तालीम चालू आहे. त्यांनी माझ्या पाठीमागे वाकून बघितलं, आणखी कोणी आहे का ते.

२२ नोव्हेंबर.
वच्छलाचं कार्ड. ती मराठी तिसरीपर्यंत शिकली आहे, अक्षर माझ्यापेक्षा मोठं काढते. १९ तारखेला मुलगी झाली. दोघी खुशाल. नाक माझ्यासारखं. बारशाला या.
फार आनंद झाला. ऑफिसात बदामच वाटले. नंतर लक्षात आलं, ते खुराकाच्या खात्यातले होते.
बारशाला जायचं तर मोटारभाडं, कुंची, पेढे. शिवाय हिलाल समोर येणार, आणि मी अजून अर्धाच तयार. मी बापाच्या रुबाबात जाणार, मेहुण्याच्या काखेतून नाही. कळवलं: सीझन जोरात, कापसाच्या गाड्या दारात उभ्या, रजा नाही. गाड्या खरंच उभ्या आहेत. म्हणजे खोटं काही नाही.

६ डिसेंबर.
कार्ड. हिलालने भाचीचं नाव झुंबर ठेवलं. मला विचारायला हवं होतं. मी नाव सुचवणारच होतो, विचार चालू होता.
फॅक्टरीच्या काट्यावर वजन केलं. एक मण बारा शेर. हमालाने विचारलं, बारदान वजा करायचं का?

२० डिसेंबर.
आखाड्यात या महिन्यात चारदा गेलो. वाईट नाही. चुकलं ते एकदा उस्ताद गावाला म्हणून, एकदा थंडी, बाकीच्या वेळा सीझन. जोर अठरा झाले. उस्ताद म्हणाले, सहा. ते पूर्ण खाली गेलेलेच मोजतात. जुनी पद्धत.
शेठजींनी बदाम खाताना पाहिलं. मोठ्या काळजीने विचारलं, "तोतारामजी, घर में कोई बीमार है के?" म्हटलं, नाही, प्रकृती सुधारतोय. ते म्हणाले, सुधरने दो, पर रजिस्टर पे छिलके मत गिराओ.

१४ जानेवारी १९३७. संक्रांत.
नवीन वर्षाचं सुधारित एस्टिमेट केलं. तूप वाढवलं. फार विचार करून जेवण कमी केलं. खोलीत एकटं बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत बसतो. मुदगल कोपऱ्यात उभे आहेत, त्यांच्याकडे बघितलं की त्यांनाच माझी वाट पाहायची सवय झाल्यासारखं वाटतं. ही अंगात साठलेली ताकद असणार. तिला वाट हवी.
वच्छलाने तीळगूळ पाठवला. सोबत चिठ्ठी: पोरगी हसायला लागली. कधी येता?
लिहिलं, चैत्रात. येईन ते नाव काढायलाच.

७ फेब्रुवारी.
आज उस्तादांनी मला एका जोडीदाराशी लावलं. पोस्टात शिपाई आहे, पन्नाशीचा, चष्मा काढून ठेवून आला. त्याने माझी मान धरली. पुढचं आठवत नाही. आठवतं ते आभाळ. स्वच्छ होतं.
उस्ताद जवळ बसले. म्हणाले, "भाऊ, एक सांगू? तुमचं मन इथं नाही. कुठं शे ते आधी पाहा." म्हटलं, मन पूर्ण इथेच आहे, फक्त डावाला पाव सेकंद उशीर झाला. ते म्हणाले, बायको-पोर कुठे आहेत? म्हटलं, शिंदखेड्याला. ते म्हणाले, मग तिकडे जा की. रविवारची मोटार असते.
पैलवानांना प्रपंचातलं कळत नाही. दुधात अर्धा शेर वाढवायचा.

१ मार्च.
वजन एक मण एकोणीस शेर! सात शेर कमाई. सदरा पोटावर बसत नाही, दंडांवर मात्र तसाच लोंबतो. वाढ आधी मध्यभागी होत असावी, मग ती हातापायांकडे सरकेल. हमाल कापसाची गाठ तपासावी तसा बघत म्हणाला, "बाबू, गाठ बरोबर शे, पन मधीच फुगी गई."

१८ मार्च.
सासूबाईंनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र. वच्छला असं लिहिणार नाही. "आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात. तुमची सासरी गेलीच नाही तर येणार कुठून, असं बाया विचारतात. त्यांना काय उत्तर द्यावं ते कळवा."
दोनदा वाचलं. मग फिरायला गेलो. पांझरेच्या पुलावर उभा राहिलो. पाणी कमी होतं. परत आलो. पुन्हा गेलो.
उत्तर: २५ एप्रिलला यात्रेत समक्ष देतो.
आता मागे फिरणं नाही. अंतिम एस्टिमेट तयार केलं: शेवटच्या पाच आठवड्यांत खुराक दुप्पट, व्यायाम चौपट. चौपट म्हणजे नक्की कशाच्या, ते उद्या ठरवू.

११ एप्रिल.
उन्हाळा लागला. उन्हात व्यायाम अपायकारक. खुराक चालू.

२४ एप्रिल, निघण्यापूर्वी.
उस्तादांच्या पाया पडलो. म्हटलं, आशीर्वाद द्या, उद्या हिलालशी गाठ आहे. त्यांनी नाव पुन्हा विचारलं. शिंदखेड्याकडचा हिलाल? मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पडताना मान आत घ्या."
लंगोट, तेल, बदाम बांधून घेतले. वच्छलासाठी बांगड्या घ्यायच्या राहिल्या. मोटार सुटत होती.

२५ एप्रिल, रविवार. सासुरवाडी.
सविस्तर लिहितो, कारण आज जिंकलो.
घरी न जाता थेट नदीपात्रात, कुस्तीच्या फडावर गेलो. पंचांना सांगितलं, हिलालविरुद्ध तोताराम, धुळे, असं लिहून घ्या. पंच म्हणाले, हिलाल कुठाय? तो दिवाळीपासून मातीत उतरलेला नाही.
खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. मला वाटलं, माझ्या तयारीची बातमी पोचली आणि घाबरला. शीळ घालतच घरी गेलो.
हिलाल अंगणात म्हैस धूत होता. दंड पूर्वीचे राहिलेले नाहीत, गालही बसलेत. मला पाहून पुढे आला, हात पुसले, वाकून नमस्कार केला. मी पायातला जोडाही न काढता म्हटलं, फडावर चला, नाव दिलंय. तो म्हणाला, "कुस्ती सोडी दिनी, भाऊजी."
का, म्हणून विचारलं. तो नुसता हसला आणि पाण्याची बादली ओतू लागला. सांगितलं सासूबाईंनी, ओसरीवरून, गहू पाखडता पाखडता, मान वर न करता. घरात म्हैस एक. वच्छलाला अंगावर दूध कमी. हिलालचं सगळं दूध दिवाळीपासून मायलेकींना. विकत घ्यायचं तर कापसाला यंदा भाव नाही, आणि जावयाकडून काही येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. दुधाशिवाय मातीत उतरणं म्हणजे मातीची फसवणूक, असं म्हणून त्याने लंगोट खुंटीला लावला.
"पोरले दूध लागस," हिलाल म्हणाला. "मंग मी कसाले पिऊ?"
सहा महिने मी एकच वाक्य पाठ केलेलं होतं, तेच बोललो. म्हटलं, ते असू दे, नाव दिलंय, लोक काय म्हणतील? इथेच अंगणात होऊन जाऊ द्या.
त्याने ओसरीकडे पाहिलं. दारात वच्छला उभी होती, कडेवर मुलगी. वाळली आहे वच्छला. तिने भावाला काहीतरी खूण केली. नको, अशी असावी. पण तो पुढे आला.
हात धरले. त्याचा हात गाईच्या वासराला धरावं तसा माझ्या पाठीवर आला. मी जोर केला. पाव मिनिटही झालं नसेल, हिलाल पाठीवर आणि मी वर. त्याने पडताना माझं डोकं आपल्या हातावर झेललं, दगड होता तिथे.
चीतपट. साक्षीदार: सासूबाई, वच्छला, म्हैस.
टाळी कोणी वाजवली नाही. सूप वाजत राहिलं.
मी धोतर झटकून वच्छलाकडे गेलो, मुलीला घ्यायला हात पुढे केले. पाच महिने झाले, पहिल्यांदाच बघत होतो. नाक खरंच माझं आहे. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि अशी रडली की म्हैससुद्धा वळली. मग आईच्या कडेवरून सगळं अंग बाहेर झोकून दोन्ही हात पसरले, हिलालकडे. तो तसाच उठला, पाठीला माती, आणि तिला घेतलं. लगेच गप्प. त्याच्या मिशा ओढायला लागली.
वच्छला हळू म्हणाली, "दादानं मुद्दाम अंग टाकलं. तुम्हांला कळलं ना?"
म्हटलं, हो.
कळलं होतं का? आता लिहिताना कळतंय.

२८ एप्रिल. धुळे.
काल दोघींना घेऊन आलो. निघताना हिलाल मोटारीपर्यंत आला, पोरगी सोडवेना. मोटार सुटल्यावर तो बराच लांब मागे चालत होता. झुंबर शिंदखेड्यापासून नरडाण्यापर्यंत रडली, मग थकून झोपली.
आज सकाळी वच्छलाने खोली झाडली. बदामांची टरफलं निघाली सुपलीभर. ती तिने बाहेर नेऊन टाकली. भागाबाई भांडं घेऊन आल्या, तेव्हा वच्छलाने विचारलं, पोरीच्या दुधाचं काय ठरवलंय तुम्ही?
म्हटलं, बघून सांगतो.
वही काढली. नोव्हेंबरपासून सगळी मिळून सात एस्टिमेटं. मंजूर, सुधारित, पुन्हा सुधारित, अंतिम. सगळी नीट वाचली, बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर आहेत. झुंबरच्या नावाची ओळ एकातही नाही.
वच्छला पोरीला खांद्यावर थोपटत दारात उभी होती. म्हणाली, सापडलं का?
म्हटलं, शोधतोय.