साडूपेक्षा एक कादंबरी पुढे

४ मार्च
वाचनालयाच्या मासिक बैठकीत साडूने एका अभिजात कादंबरीवर म्हणे ‘प्रामाणिक मत’ दिलं. मत काय, तर चाळीस पानांनंतर झोप लागली. यावर टाळ्या! बायकोने घरी येऊन लगेच ताईला फोन लावला, भाऊजी किती छान बोलले म्हणून. झोप मलाही लागते. माझ्या झोपेला आजवर कोणी टाळी वाजवलेली नाही.
पुढच्या बैठकीत मी बोलणार. ग्रंथपालबाईंना नाव देऊन आलो.

६ मार्च
मुद्दाम सर्वांत जाड अभिजात ग्रंथ आणला. खाकी बाइंडिंग. प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही. पानांचे आकडे चारशे नऊपासून सुरू. जुन्या लोकांची छपाईच वेगळी.

११ मार्च
काय धाडस! पहिल्याच पानावर एक बाई मरते, घर धाय मोकलून रडतं, आणि ही बाई कोण याबद्दल लेखक चकार शब्द काढत नाही. आधुनिक कादंबऱ्यांनी याच्यापुढे पाणी भरावं. तिथे नायक वीस पानं नुसता खिडकीशी उभा असतो. (अशी एक मी अर्धी वाचली आहे. नायक अजून तिथेच असावा.)

१७ मार्च
ग्रंथपालबाई म्हणाल्या, हेच पुस्तक साडूलाही हवंय, लवकर परत करा. तत्काळ मुदत वाढवून घेतली. शेवटचं पान वाचून ठेवलं. शेवट कळला की मधलं अंदाजाने येतं.

२२ मार्च
साडू घरी. पुस्तक कसं आहे, विचारत होता. तुला झेपणार नाही, म्हटलं. हसला. बायकोने त्याला दोनदा चहा विचारला, मला एकदाही नाही. मी जळत नाही. मला फक्त चहा हवा होता.

३ एप्रिल
बैठक. ‘अनोळखी मृत्यूचं सौंदर्य’ यावर अर्धा तास बोललो. मग ग्रंथपालबाईंनी हळूच सांगितलं, की जाड कादंबऱ्या बाइंडर दोन भागांत बांधतो, आणि माझ्याकडे आहे तो दुसरा. मेलेली बाई नायिका आहे. पहिली चारशे पानं तिचीच.
पहिला भाग साडूकडे. त्याला मत विचारलं, तर म्हणे अर्धीच वाचलीय, मत कसं देणार? पुन्हा टाळ्या. हो, जळतो मी. जळणारच.

४ एप्रिल, दुपार
हार मानणार नाही. पहिला भाग वाचून पुन्हा बोलणार. पण साडूकडे हात पसरणार नाही. बायकोला म्हटलं, ताईकडून गुपचूप आण. ती म्हणाली, आणायला कशाला हवा, ती कादंबरी मी स्वतः लग्नाआधीच दोनदा वाचली आहे.
मग भाजी निवडता निवडता सगळी सांगितली. नायिका कुणावर रुसायची, घरात एकटी कशी पडली, कशी खंगत गेली. सांगताना बायकोने निवडलेली पानं देठांत टाकली आणि देठं पातेल्यात. मी भाजीकडे बघत बसलो.
इतकी वर्षं हे कधी बोलली का नाहीस, विचारलं. ती म्हणाली, बोलते की. भाऊजी विचारतात तेव्हा.