काकांची शिट्टी आणि हिरवं बदक

तीर्थस्वरूप हेडविकाकाकूंना बोहुशचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? नाताळात मी आणून दिलेला पट्टा रोज बांधता ना? चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणता, तेव्हा जीव तुटतो. आमच्याकडे सर्व ठीक आहे. (ठीक काही नाही. तीन आठवडे झोप नाही आणि तुमचा आलुबुखाऱ्याचा मुरांबासुद्धा घशाखाली उतरत नाही.)

वेन्देलीनकाकांच्या माघारी तुम्ही जपलेला त्यांचा रेल्वेतला कोट मी अळंबी वेचायला म्हणून मागून नेला, ते खोटं होतं. मी ह्रादेकच्या टेकडीवर डबा शोधायला गेलो होतो. हा एक खेळ आहे, काकू. कुणीतरी डबा लपवतं आणि त्याचा ठावठिकाणा फोनवर टाकतं. शोधणाऱ्याने आतल्या वहीत नाव लिहायचं, काही घेतलं तर तोलामोलाचं काही ठेवायचं, आणि खेळात नसलेल्या माणसाला सुगावा लागू द्यायचा नाही. पन्नाशीच्या माणसाने हे करावं का, असं तुम्ही विचाराल. माझी बायको रोज विचारते.

या डब्याची जागा कळायला माथ्यावरच्या दगडी क्रुसावरचं साल लागतं. स्वीडिश सैन्याने तिथली गढी जाळली ते साल. आता हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, सोळाशे पंचेचाळीस. शाळेत पाठ केलंय, तर दगडाकडे बघायचं कशाला? मी ऐटीत आकडा घातला आणि फोनने मला मागच्या उतारावरच्या झाडीत नेऊन सोडलं. तिथे गुडघे टेकून शेवाळ उकरतोय, तोच मागे शिमाचेक उभा. (तोच तो, ज्याने अळंबीची जागा सख्ख्या भावालाही सांगितलेली नाही. ती जागा हीच.)

"कुणी सांगितलं तुला? बऱ्या बोलानं नाव सांग!"

मी म्हटलं, सहज आलो होतो अळंबीला.

"टोपली नाही, चाकू नाही, आणि म्हणे अळंबीला! मला काय खुळा समजलास?"

खेळाचं सांगायची सोय नव्हती. शेवटी काकांच्या कोटावर हात ठेवून त्याने मला शपथ घ्यायला लावली, की ही जागा कुणाला सांगणार नाही. (मागचा उतार मी वर लिहून बसलोय. तेवढं विसरा.)

मग मुकाट्याने क्रूस गाठला. दगडावर सोळाशे त्रेचाळीस! पाथरवट चुकला, गावाने दगड तसाच ठेवला आणि शाळेत बरोबर आकडा शिकवला. नवा आकडा घातल्यावर गढीच्या भिंतीत डबा सापडला. शिमाचेक अजून पाळतीवर होताच. घाईघाईत मी सही केली, डब्यातलं एक खेळण्यातलं हिरवं बदक उचललं आणि खिशातलं हाताला लागलं ते टाकून पळालो. घरी येऊन फोनवर रीतसर नोंदही केली: बदक घेतलं, काकांच्या कोटाच्या खिशातलं काहीतरी ठेवलं. मग खिसा चाचपला.

काकू, तुम्ही म्हणाला होतात, "खिशातली शिट्टी तेवढी हलवू नकोस. त्यांनी शेवटची गाडी त्याच शिट्टीवर सोडली." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी धावत गेलो. शिट्टी नव्हती. डब्यात कसलीशी तपकिरी गुंडाळी होती, ती बाजूला सारून मी तळ खरवडला. तेव्हापासून कोट धुलाईला दिलाय अशी थाप मारतोय. आणि तुम्ही एकदाही कोट मागितला नाहीत, यानेच मी जास्त घाबरलोय. बाजारातून दुसरी शिट्टी आणली, पण तिच्यावर काकांच्या दाताची खूण कुठून आणू? मला लाज वाटते. काय शिक्षा द्यायची ती द्या.

आपला अपराधी,
बोहुश

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी काल पुन्हा जाऊन आलो. या वेळी वही वाचली. माझ्या सहीखाली त्याच दिवसाची नोंद आहे: "शिट्टी घेतली. बदल्यात कामाची वस्तू ठेवली." अक्षर मुरांब्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीतलं. गुंडाळी उलगडली, तर गुडघ्याचा पट्टा. घडीसुद्धा मोडलेली नाही!

ता. क. २. पहिलं पान काकांच्या हातचं आहे: "लपवणारे: वेन्देलीन आणि हेडविका." मी तिथेच बसून रडलो. गावातल्या शहाण्यांना सापडू नये म्हणूनच काकांनी दगडावरचं साल घेतलं ना? आणि डब्याची प्रत्येक नोंद लपवणाऱ्याच्या फोनवर जाते, म्हणजे माझी थेट तुमच्याकडेच आली, हो ना?

ता. क. ३. तुमचे गुडघे ठणठणीत आहेत हे मी कुठे बोलणार नाही, तुमची जळणाची लाकडंही पूर्वीसारखीच रचून देईन. बदक परत आणतोय. फक्त शनिवारी पुढच्या डब्याला मलाही न्या. निघताना काकांची शिट्टी वाजवा, मी फाटकाशीच उभा असेन.