हयातभर वैध

३ फेब्रुवारी, मंगळवार

यादीत नाव आलं. माझं. फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी होतं तिथंच.

पहिली ते चौथीची शाळा, श्रीगोंद्याच्या अलीकडे. ह्यांना सांगितलं तेव्हा हे दुधाच्या टेम्पोखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "आता तरी घरात शांतता हुईल." एवढंच. पण संध्याकाळी काष्टीच्या चौकातून भेळ घेऊन आले.

सत्तावीसला नगरला पडताळणी. सगळी कागदपत्रं मूळ पाहिजेत. पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही, म्हणजे ही शेवटची संधी. पहिलीही हीच म्हणा.

४ फेब्रुवारी

टीईटीचं प्रमाणपत्र सापडत नाही.

५ फेब्रुवारी

सापडलं. नसतं सापडलं तर बरं झालं असतं.

माळ्यावर होतं, सांडग्यांच्या डब्यामागे. शिक्षक पात्रता परीक्षा, २०१३. डी.एड. झाल्यावर दिली, पहिल्या फटक्यात पास. निकाल लागला तेव्हा वडिलांनी, दादांनी, स्वतः जाऊन लॅमिनेशन करून आणलं होतं. सात वर्षं चालेल म्हणालं होतं सरकार. सात वर्षांत भरतीच निघाली नाही धड. मुदत संपली त्या उन्हाळ्यात मी ते रागानं चुलीत घालायला निघाले, तर सासूबाईंनी, आत्यांनी, हातातून घेतलं. "येवढं जाड प्लास्टिक हाय, कशाला जाळती? सांडगे घालाया बरं हाय." मीही म्हटलं, घ्या. मेलंयच ते.

तेव्हापासून दर चैत्रात ते गच्चीवर. तेल लावायचं, वर मुगाचे सांडगे. उन्हानं शाई खाल्ली. नाव गेलं, बैठक क्रमांक गेला, गुण गेले. खाली उजवीकडे 'पात्र' एवढं दिसतं. बाकी हळदीचे डाग.

आणि आमचं मरण जाहीर होतं न होतं तोच सरकारनं सांगितलं होतं की आता हयातभर वैध, जुनीसुद्धा! करोनात कोण कोणाला सांगतंय. मला कळलं दोन वर्षांनी. सुतक फिटल्यावर माणूस दारात उभं राहावं तसं झालं. पण तेव्हाही वाटलं, कागद घरातच आहे, जातो कुठं.

६ फेब्रुवारी

आत्या जेवल्या नाहीत. "म्याच घालवलं गं." मी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याला जाऊन आले. परीक्षा परिषदेच्या ऑफिसातला धवल नावाचा मुलगा, चांगला होता. म्हणाला, "मॅडम, दुसरी प्रत मिळते, पण क्रमांक पाहिजे. त्या साली मी सातवीत होतो. इतकं जुनं नावावरून शोधता येत नाही."

सातवीत होता. मी त्या साली सातवीला शिकवायची स्वप्नं बघत होते. नमस्कार करून बाहेर आले आणि स्वारगेटला बाकावर बसून रडले. एक बाई म्हणाली, "पाकीट मारलं का?" हो म्हटलं.

११ फेब्रुवारी

लीनाला फोन केला. डी.एड.ला माझ्या बाकावर बसायची. आता शिर्डीत सासरचं प्रसादाचं दुकान, पेढे तोलते. आम्ही दोघींनी एकाच कॅफेत एकामागे एक फॉर्म भरले होते, नंबर लागून आले होते. परीक्षेत ती माझ्या मागे होती, हे पक्कं आठवतं, कारण पेन्सिल टोचून टोचून पाठ फोडली होती तिनं.

तिचं प्रमाणपत्र देव्हाऱ्याखाली सुखरूप! तिच्या नंबरातून एक वजा केला की माझा.

मग नेहमीसारखी भांडली. "खरं सांगू का, मरायलाच पाहिजेत हे गुण. बारा वर्षांपूर्वीचं बालमानसशास्त्र आठवतंय का तुला? मला तर पेढ्याचा भाव सोडून काही आठवत नाही. माझ्यासारखीला उद्या वर्गावर घातली तर चालेल तुला? तुझ्या पोराला?"

मी चिडले. म्हटलं, ओट्यावर शिकवण्या घेतेय मी इतकी वर्षं, माझं शिळं कसं होईल? नासतंय ते दूध. ती म्हणाली, "ते तुझ्या कागदाला काय माहीत, तू शिकवत होतीस का पेढे विकत होतीस?"

फोन ठेवला. बरोबर आहे तिचं. म्हणूनच इतका राग आला.

१३ फेब्रुवारी

अर्ज केला. धवलचाच फोन आला, क्रमांक जुळला, गुण एकशे सात. एकशे सात! मला पंच्याण्णव वाटत होते. इतकी वर्षं स्वतःला बारा गुण कमीच धरून चालले.

अर्जात परीक्षेच्या वेळचं नाव लिहायचं होतं. मनकर्णा भागवत शेळके. हातच थबकला. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'प्रणिता' लिहिलं आणि मनकर्णा संपली. आत्यांच्या सासूचं नाव तेच ना. मोठ्या माणसाच्या नावानं सुनेला हाका कशा मारायच्या, भांडी घास म्हणून कसं सांगायचं? मला तेव्हा पटलं होतं. प्रणिता आवडलंही होतं, शहरातलं वाटायचं. दादा तेवढे मनकर्णा म्हणायचे शेवटपर्यंत. ते गेल्यावर कोणीच नाही.

सोबत नाव बदलल्याचं राजपत्र जोडलं. पोस्टानं येणार.

१७ फेब्रुवारी

आलं नाही. आत्यांना सांगून ठेवलंय, पुण्याहून पाकीट येईल, मी शिकवणीत असले तर तुम्ही घ्या. म्हणाल्या, "म्या उंबऱ्यातून हालत न्हाई बघ." खरंच हलत नाहीत. कीर्तनालासुद्धा गेल्या नाहीत. ताटही दारातच घेतात.

२० फेब्रुवारी

नाही. जुने पोस्टमन अमृतमामा असते तर घरचा माणूस असल्यासारखे धावत आले असते. ते रिटायर झाले. आता नवीन पोरगा आहे, परभणीकडचा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नगरला फोन केला. मूळ नसेल तर उमेदवारी रद्द, वाढीव मुदत नाही. बाई शांतपणे बोलल्या. शांतपणे बोललेलं जास्त लागतं.

ह्यांना म्हटलं, जाऊ द्या, नशिबातच नाही. तर म्हणाले, "नशिबात न्हाई तर शिकवण्यांना येवढी पोरं येत्यात कशाला?" भाकरी करपली.

२५ फेब्रुवारी

पुण्याला फोन. धवल म्हणाला, "मॅडम, सोळालाच निघालंय." म्हणजे कुठंतरी आहे. मोबाईलवर शोधायचा नंबर दिला. रेंज नाही. सकाळी बघते.

आत्या अजून दारात बसल्यात. त्यांच्या पाठीवर शाल टाकली. परवापासूनच मोकळं बोलायला लागलोय पुन्हा, त्याआधी कामापुरतंच. हात धरून म्हणाल्या, "यील गं. म्या रोज इचारते त्या पोराला, प्रणिताचं काय हाय का म्हणून."

२६ फेब्रुवारी

पाकीट अठरालाच दारात आलं होतं. पोस्टात जाऊन विचारलं. तो पोरगा म्हणाला, "पाकिटावर मनकर्णा होतं. म्हाताऱ्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, मनकर्णाबाई कवाच वारल्या."

पाकीट पुण्याला परत. शेरा: मयत.

आत्यांना सांगितलं नाही. त्या अजून दारात बसल्यात.