डावखुरी गिटार

३ मार्च

अण्णांनी गिटार घेतली नाही!

सकाळी गिरीराजला गाडी काढायला लावली. जे. पी. नगरच्या वाद्यांच्या दुकानात गेलो, काउंटरवर गिटारची केस ठेवली आणि म्हटलं, रत्नाकरअण्णा, ही विकून टाका. बावीस वर्षं सगळं त्यांच्याकडूनच घेतलंय. तारा, ॲम्प, माझ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या गिटारी. त्यांनी केस उघडलीसुद्धा नाही. माझा डावा हात ओढणीखाली होता, तिकडेही पाहिलं नाही.

"आज नाही घेणार, अक्का."

"मग कधी?"

"राग गेला की या."

मला राग नाहीये. मी दमलेय. डिसेंबरात पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून दमलेय. पाय परत आला, तोंड सरळ झालं, खांदा आणि कोपर चालतात. मनगटाच्या पुढे मात्र हात माझा नाही. गिटार शिकवणाऱ्या बाईचा डावा हात — तारा दाबायचा हात! उजवा गेला असता तर... जाऊ दे. असलं लिहू नये.

केस परत गाडीत.

६ मार्च

स्पंजचा चेंडू. फिजिओ चाळीस वेळा म्हणते, दाबा. मी दाबते. चेंडूला काही कळत नाही.

९ मार्च

अण्णांचा फोन. "स्वल्प काम आहे, या."

कुणाकडून तरी एक डावखुरी गिटार मागून आणली होती त्यांनी. डावखुऱ्यांसाठी सगळं उलटं असतं. उजव्या हाताची बोटं तारा दाबतात, डावा हात वाजवतो. पट्टा माझ्या गळ्यात घातला. माझा डावा हात उचलून — विचारलंही नाही! — अंगठ्यात अंगठीसारखी एक प्लास्टिकची नखी अडकवली. म्हणाले, "बोटं विसरा. नुसतं कोपर हलवा."

हलवलं. सहाही तारा एकदम वाजल्या. भसाड्या. पण वाजल्या. माझ्या डाव्या हाताने.

आणि मी चिडले. "मी शेहेचाळीसची आहे अण्णा! शून्यापासून सुरू करू?"

"शून्य कुठे? कान तेच आहेत ना?"

ही गिटार जड आहे, तुमच्या खांद्याला झेपणार नाही, म्हणाले. देवनहळ्ळीच्या पुढे ज्योतिबा म्हणून एक कारागीर आहे, तो मापाने बनवून देतो. मी मध्ये राहून करून घेईन.

निरोप न घेता बाहेर आले. रिक्षात नखी काढायची राहिलीये हे कळलं.

१० मार्च

गिरीराजला सांगितलं. तो म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर."

तीन महिन्यांत तो दुसरं काही बोललेला नाही. खिडकी उघडू? तुला बरं वाटेल ते. डॉक्टर बदलू? तुला बरं वाटेल ते. नवरा झाला तरी त्याच्यावर किती ओरडायचं! इलेक्ट्रॉनिक सिटीहून दीड तास गाडी रेटत येतो आणि आल्या आल्या माझी वेणी घालायला बसतो. वाकडी घालतो. मी काही म्हणत नाही.

१७ मार्च

ऑर्डर दिली.

अण्णांनी दोन तास घेतले. शिंप्यासारखी मापं घेतली. उजव्या हाताचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली. खांद्यावर आधी पिठाची एक पिशवी लटकवली, मग दुसरी, कुठे दुखायला लागतं ते पाहिलं. लाकूड हलकं, आत पोकळ. मान, म्हणजे तारा दाबायची दांडी, बारीक. आवाजाची बटणं लांब खाली, हात भरकटला तर लागू नयेत म्हणून. हे त्यांनीच सुचवलं. मला स्वतःला सुचलं नसतं. आपला हात भरकटतो हे कुणी इतक्या साधेपणाने बोललेलंच नव्हतं अजून.

रंग विचारला. म्हटलं, कुठलाही. म्हणाले, "कुठलाही नावाचा रंग ज्योतिबाकडे नाही." मग हिरवा म्हटलं.

शेवटी कागदावर दोन चौकोन. उजवी, डावखुरी.

माझ्या तोंडून निघालं — उजवी.

अण्णांनी चष्मा काढला. "अक्का..."

"हात परत येईल. सहा महिन्यांत येतो म्हणतात. डावखुरी केली आणि हात आला तर?"

"आणि नाही आला तर?"

मी 'उजवी'वर बोट ठेवलं. त्यांनी माझ्यादेखत 'उजवी'वर खूण केली. खालच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं — सात एप्रिलपर्यंत बदलता येईल. "त्यानंतर लाकूड कापतात. मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. सरी? ठीक आहे ना?"

सरी.

२१ मार्च

न्यूरॉलॉजिस्ट. "अपेक्षा थोड्या कमी ठेवा." बोटांबद्दल. बाहेर गिरीराज कॉफी घेऊन उभा होता. मी म्हटलं, सगळं ठीक म्हणाले. त्याने मान हलवली. रिपोर्ट त्याच्याच हातात होता!

२८ मार्च

मागून आणलेली गिटार अण्णांनी घरी पाठवलीये. उघडायची नाही असं ठरवलं होतं. आज उघडली.

उजव्या हाताची बोटं ढ आहेत. चाळीस वर्षं भाजी चिरली, पेन धरलं, खडू धरला, आणि तीन तारा एकदम दाबायचा एक साधा कॉर्ड जमत नाही! कान सांगतात, चूक. बोटं म्हणतात, असू दे. वीस मिनिटांत टोकं लाल झाली. सोळाव्या वर्षी अशीच दुखायची, डाव्या हाताची. तेव्हा कौतुक होतं त्या दुखण्याचं. आज नुसतं दुखलं.

२ एप्रिल

वाजवलं नाही. दिवसभर झोपले.

५ एप्रिल

आज भांडलो. बरं झालं.

मी तो एकच कॉर्ड धरून बसले होते. धरते, सुटतो. धरते, सुटतो. गिरीराज ऑफिसातून आला, बूटही न काढता दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बंद कर ना ते!"

चार महिन्यांत पहिल्यांदा असं काही बोलला. मी गिटार खाली ठेवली. विचारलं, का? बरं वाटेल ते कर म्हणाला होतास ना?

तो जमिनीवरच बसला. "तू उजवी मागवलीस तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, भाग्या. वाटलं, तुला खात्री आहे म्हणजे हात येणार. आणि आता घरात येतो तर तू हे उलटं वाजवतेस. म्हणजे तुलाही ठाऊक आहे."

मला वाटत होतं की मी त्याच्यासाठी आशा धरून बसलेय. त्याला वाटत होतं की तो माझ्यासाठी. दोघेही दमलोय एकमेकांना धीर देऊन!

मग कुकर लावला नाही. सकाळच्या उरलेल्या दहीभाताबरोबर लोणचं खाल्लं. त्याने माझा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता, जेवण संपेपर्यंत. मेलेला हात म्हणून नाही, नुसता हात म्हणून.

७ एप्रिल

सकाळी नऊला अण्णांना फोन केला. म्हटलं, डावखुरी.

ते म्हणाले, "मी देवनहळ्ळीतच आहे, अक्का. ज्योतिबाच्या दारात. समोरासमोर सांगतो."

शेवटचा दिवस म्हणून बसने गेले होते ते! मी फोन केलाच नसता तर काय करणार होतात, विचारलं.

"काय करणार? उजवी कापायला सांगितली असती. गिटार तुमची आहे."

१२ मे

ज्योतिबाने पाठवलेला फोटो. लाकडाची एक पाटी, गिटारीच्या आकाराची, अजून कोरी. उलटी दिसते. बराच वेळ बघत राहिले. उलटी नाहीये. आता हीच बाजू.

९ जून

अण्णांनी मान परत पाठवली. जाड झाली होती. ज्योतिबा म्हणे, इतका फरक कुणाला कळत नाही. अण्णा म्हणाले, "त्यांच्या हाताला कळतो." कुठल्या हाताला, ते मी विचारलं नाही.

तीन आठवडे उशीर होणार. हरकत नाही. माझ्याकडून तरी कुठे घाई आहे! दोन कॉर्ड येतात. एकावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत चहा उकळतो.

२ जुलै

एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईचा फोन, क्लास कधी सुरू करताय? म्हटलं, मीच अजून पहिलीत आहे. तिला विनोद वाटला. फोन ठेवल्यावर रडले. मग भांडी आवरली.

१८ जुलै

आली.

अण्णा स्वतः घेऊन आले, टॅक्सीच्या मागच्या सीटवर, आडवी ठेवून. हिरवी. कढीपत्त्याच्या पानासारखी हिरवी. पट्टा खांद्यावर घातला आणि वजनच नाही! खांदा वाट बघत राहिला दुखायची.

वाजवा, म्हणाले. तीन कॉर्ड वाजवले, आता तीन येतात. दुसरा चुकला. गिरीराज स्वयंपाकघराच्या दारात पुसणं घेऊन उभा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याबद्दल दोघांचीही मी ऋणी आहे. अण्णा म्हणाले, "दुसऱ्यात तर्जनी उशिरा येते." एवढंच. जसं मी विद्यार्थ्यांना सांगायचे.

जाताना मी जुनी केस पुढे केली. घ्या आता. राग नाहीये.

त्यांनी घेतली. या वेळी उघडली, आत पाहिलं, हळूच बंद केली. "चांगल्या घरी देईन."

१९ जुलै

दिवसभर दमलेली. पण वेगळी. काम करून दमलेली.

२ ऑगस्ट

सकाळी ब्लाउजचं हुक लावताना डाव्या हाताची करंगळी वाकली. आधी भास वाटला. हात टेबलावर ठेवला, तिच्याकडे बघत मनात म्हटलं, वाक. वाकली. पुन्हा म्हटलं. पुन्हा वाकली. मग तिच्या शेजारचं बोटही, जरासं.

गिरीराज ऑफिसला निघून गेला होता. फोन हातात घेतला, खाली ठेवला. संध्याकाळी समोर बसवून दाखवीन.

मग हिरवी गिटार खांद्यावर घेतली. चौथा कॉर्ड शिकायचा होता आज.