गदावाल्याचं शेपूट

१० फेब्रुवारी, सोमवार

कपाटाची किल्ली परत माझ्या हातात! चार वर्षं झाली रिटायर होऊन, तरी हाताला बरोबर आठवलं — आधी अर्धी डावीकडे, मग जोर लावून उजवीकडे. कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग नव्या इमारतीत चालला आहे आणि किड्यांच्या पेट्यांत काय कुठे आहे ते तिथे एकालाही माहीत नाही. म्हणून महिनाभर बोलावणं. "मावशी, तुमच्याशिवाय कोण?" म्हणे. आता आठवली मावशी!

ह्यांनी लगेच टोमणा मारला. "तीस वर्षं मेलेले किडेच पाहिले, मन नाही भरलं काय वं?" नाही भरलं, मारोतराव. तुमचं बुटीबोरीच्या मिलमध्ये भरलं असेल.

सोबतीला हिमानी नावाची पोरगी आहे. नरखेडकडची, घरी संत्र्याची बाग. चतुरांवर, म्हणजे पाण्याकाठी भिरभिरणाऱ्या त्या लांबशेपट्या किड्यांवर, पीएचडी करते, त्यातही क्लबटेलवर. आमचे ठवकर सर त्यांना गदावाले म्हणायचे, कारण शेपटाचं टोक गदेसारखं फुगीर. सगळं कॉलेज मला मावशी म्हणतं, ही काकू म्हणते. आवडली मला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चतुरांच्या पेट्या उघडल्या. डांबरगोळ्यांचा वास आला आणि सर आठवले. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. नवीन पोरं आली की सर एक चतुर हातात द्यायचे — सांगा, कोण? पोरं शेपटाकडे पाहून ओरडायची, गदावाला! सर हसायचे. "शेपूट फसवतं. आधी डोळे पहा." बाकीच्या चतुरांचे डोळे बहुतेक डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात. गदावाल्यांचे दूर दूर. शेपूट कितीही फुगीर असो, डोळे टेकले असतील तर तो ह्या घरचा नाही!

घर कळलं की मग नाव, आणि ते फार किचकट. नराच्या शेपटाच्या टोकाला चिमटे असतात, आणि पुढे छातीजवळ, पोटाच्या खालच्या अंगाला, बारीक आकडे. दोन्ही साक्षीदारांनी एकच नाव सांगितलं तरच लेबलावर लिहायचं. मी बारावी पास बाई, पण हे मला झोपेत विचारा. हिमानीला सांगितलं तर म्हणते, "काकू, आमच्या मॅडमपेक्षा तुम्ही सोपं सांगता." मूठभर मांस चढलं अंगावर!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय दिवस!

बारा वाजता हिमानी सूक्ष्मदर्शकावरून किंचाळलीच. मला वाटलं पाल निघाली. "काकू, या ना इकडे! हा कोणीच नाही!" समोर एक त्रिकोणी कागदी पाकीट, सरांचं अक्षर — खापा, कन्हान नदी, जून १९९६ — आणि नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. डोळे दूर, म्हणजे गदावाला पक्का. पण शेपटाचे चिमटे एकाचे आणि पोटाखालचे आकडे भलत्याचेच! दोन साक्षीदार, दोन जबान्या. "कोणत्याच पुस्तकात असा नाही आहे काकू. हा नवा असला तर?" तिने मला मिठी मारली.

आणि मी तिच्या खांद्यावरून पाकिटावरची तारीख परत वाचली.

लिहून टाकते. इथे नाही लिहायचं तर कुठे? ९७ साली, पेट्या पुसताना, एक चतुर माझ्या हातून पडला. वाळलेला चतुर म्हणजे पापडच. शेपटाचा तुकडा तुटून ताटलीत पडला, आणि ताटलीत आधीच तसाच एक तुटका तुकडा होता. कोणता कोणाचा, कळेना. सर बाहेर व्हरांड्यात कोणाशी तरी बोलत होते. मी एक उचलला, फेविकॉलने चिकटवला, दुसरा कचऱ्यात टाकला. सरांना सांगितलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी कोणाला तरी सांगितलं होतं, प्रेमिलाच्या हातून आजवर एक पाय तुटला नाही. मग कोणत्या तोंडाने सांगू!

तो चतुर खाप्याचाच होता. ९६ च्या जूनचा. पाकीट नंबर आता आठवत नाही, पण दुसरं काय असणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेले. वंदनेत चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही तिथे, माझा आवाजच निघेना. शेजारच्या शोभाताईंनी वळून पाहिलं. खोकल्याचं नाटक केलं. म्हणजे विहारात बसून आणखी एक खोटं!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिमानीने कोथिंबीर भरलेली सांबारवडी आणली. तिच्या मॅडमचा होकार आला आहे. मार्चच्या परिषदेत ह्या एका चतुरावर बोलायचं. दोन दिवस नुसती चित्रं काढते आहे, चिमटे वरून, चिमटे बाजूने. "आणि काकू, मी भाषणात तुमचं नाव घेणार. सांगणार का बा, हा इतकी वर्षं शाबूत राहिला तो काकूंच्या हातांमुळे!"

सांबारवडी घशाखाली उतरेना. तरी दोन खाल्ल्या. चांगली होती.

१९ फेब्रुवारी

वरणाला फोडणी द्यायची विसरले. हे काही न बोलता जेवले, म्हणजे ह्यांना कळलं आहे काहीतरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण काहून करून राहिली? सर गेले. कोणाले मालूम?"

"मले मालूम आहे ना."

"मंग मले काय विचारतं?" आणि पेपर उघडला. थोड्या वेळाने पेपरामागूनच म्हणाले, "सांगून टाक. तुह्या हातचं वरण बिघडलं तं माही पंचाईत होते." ह्या माणसाबरोबर अडतीस वर्षं काढली, ती उगीच नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

चहा मागवला, दार लोटलं आणि एका दमात बोलले. पडलेला चतुर, ताटली, फेविकॉल, कचरा. हिमानी ऐकत होती. तिच्या कपातल्या चहावर साय धरली. मग म्हणाली, "तरीच! शेपटाच्या सातव्या खंडापाशी मले डाग दिसला होता." संपलंच म्हणायचं! मी म्हटलं, "एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घे वं." "सूक्ष्मदर्शक तं सकाळीच ट्रकमध्ये गेला, काकू. आणि तुम्ही स्वतः सांगून राहिल्या, मंग पाहायचं काय?"

तिने चित्रांचे कागद एकाखाली एक लावले, पिशवीत भरले. रागावली असती तर बरं वाटलं असतं. जाताना दारात थांबली. "सांगितलं ते बरं केलं. नाही तं भरसभेत तोंडावर पडली असती मी." उद्या गावी जाते आहे, बागेत संत्र्याची तोडणी आहे.

मी रडले. पण घरी आल्यावर जेवले चांगली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं ओझं उतरलं, ते खरंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

एकटीच होते. ठरवलं, निदान शेपूट तरी सोडवून ठेवावं. दुसऱ्याचं शेपूट लावून त्या बिचाऱ्याने किती दिवस राहायचं? डब्यात ओली रेती, वर डांबरगोळीचा तुकडा म्हणजे बुरशी नाही, त्यावर वाटी, वाटीत चतुर, आणि झाकण घट्ट. दोन दिवसांत वाळलेला किडा मऊ होतो. फेविकॉल पण पाण्याने सुटतो. सरांनीच शिकवलेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एसटीने पिशवी आली. कंडक्टरने स्टँडवर दिली, ह्यांनी जाऊन आणली. दहा-बारा किलो तरी असतील, हे दोन जागी थांबून घरी आले! संत्र्यांवर चिठ्ठी: "काकू, मी रागावली नाही. ही झाडावर पिकलेली आहेत, आधी तुम्ही खा, मग काकांना द्या."

उलट केलं. आधी ह्यांना दिलं. हे तोंड भरून म्हणाले, "पोरगी चांगली आहे." माझ्या मनातलं बोलले. दिवसभर घरभर संत्र्याचा वास, आणि मी आठ दिवसांनी पहिल्यांदा गुणगुणले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डबा उघडला. चतुर मऊ झाला आहे, पाय हलवले तर हलतात. पण शेपूट सुटत नाही! ओल्या कापसाचा बोळा डागावर धरला, कोमट पाण्याचा थेंब सोडला. हट्! जुना फेविकॉल, माझ्यासारखाच हट्टी. जोर लावला नाही. एकदा तुटलं ते पुरे. परत डब्यात ठेवला.

भिंग लावून पाहावंसं वाटलं नाही. काय पाहायचं? मलाच तर माहीत आहे काय केलं ते. बाकीची खाप्याची पाकिटं उद्या भरायची.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटून तिसरं पाकीट. खापा, जून १९९६, सरांनी नाव लिहिलेलं, आपला नेहमीचा गदावाला. उचलला तर शेपूट जरा तिरकं. आणि जोडावर पिवळा, कडक टिपका. फेविकॉल! त्यावर ठसा उमटलेला. मी माझी करंगळी नेऊन लावली. माझीच!

मग तो डब्यातला कोण? धावत भिंग आणलं. डोळे दूर. पाठीवरून हळूहळू मागे गेले, एकेक खंड, सातव्यापर्यंत. डाग आहे तो नुसता रंगाचा. जोड नाहीच. कुठेच नाही! टोकापर्यंत तो अख्खा एक आहे. सरांचं प्रश्नचिन्ह खरं होतं.

हिमानीला फोन लावला. मागे माणसं ओरडत होती, क्रेट भरणं चालू होतं.

"काय झालं काकू?"

"हातातली संत्री खाली ठेव वं आधी," मी म्हटलं. "ते शेपूट त्याचंच आहे."