चालल्याची भाकरी

लातूर,
८ फेब्रुवारी १९८७

चि. पंचशीलास,
दादाचे अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

तू बसवाल्याच्या हाती पाठवलेला अर्धापूरच्या केळ्यांचा घड पोचला, आणि त्याच दिवशी डॉक्टरनं माझी केळी बंद केली. नशीब म्हणतात ते हे. रक्तात साखर निघाली आहे. वजन ब्याण्णव किलो भरलं. काट्यावरून उतरताना डॉक्टरनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याचा काटा खाऊन बसलोय. वय किती विचारलं. बत्तीस सांगितलं, तर ते त्यानं दोनदा विचारून घेतलं. केळी सगळी तुझ्या वहिनीनं गल्लीत वाटली. माझ्यासमोरच.

तर आता साखर उतरवायची गोळी रोज सकाळी, दिवसाला पंधराशे कॅलरीचं खाणं, आणि पहाटे पाच-सहा मैल चालणं. इकडं जिल्हा होऊन साडेचार वर्षं झाली. कचेरीला खुर्च्या आल्या, पंखे आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. मी टँकरच्या टेबलावर आहे. दिवसभर गावोगावची माणसं येऊन घसा कोरडा करून बोलतात, आणि मी बसल्या बसल्या फुगत गेलो. लाज वाटते ग.

एक कोडं आहे, तू नर्स आहेस म्हणून विचारतो. चालल्यानं तीनशे-चारशे कॅलरी जळतात म्हणे. मग तेवढं परत खायचं का? शेजारच्या टेबलाचे खाजामियाँ तरुणपणी तालमीत होते. त्यांचं म्हणणं, जेवढा घाम गेला तेवढा खुराक आत गेलाच पाहिजे, नाहीतर अंग मालकावर रुसतं. तुझी वहिनी सुमनही त्यांच्याच बाजूची. ती रोज चालायला निघताना दीड भाकरी फडक्यात बांधून देते, तिला आम्ही चालल्याची भाकरी म्हणतो. माझं मत असं की जे जळालं ते गेलं, ते परत मागायचा आपल्याला हक्क नाही.

आणि हो, मी चालतो तो रस्ता तुला आठवेल. बहात्तरच्या दुष्काळात शिरूरकडून आई, तू आणि मी ज्याची खडी फोडायला आलो होतो, तोच. आता चांगला डांबरी झाला आहे.

उत्तर लवकर धाड, दादावर आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
नरसिंगदादा


नांदेड,
१४ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
पंचशीलाचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग वॉर्डाच्या मागं जाऊन रडले. ब्याण्णव किलो! लहानपणी तुझ्या पाठीवर बसले की तुझी हाडं टोचायची.

तुझं कोडं मी इथल्या आहाराच्या बाईंना, पार्वतम्मांना विचारलं. त्या देगलूरकडच्या, अर्धं तेलुगूत रागावतात. त्या म्हणाल्या, नुसतं वजन उतरवणाऱ्यानं जाळलेलं सगळं परत खाऊ नये, निम्मं खावं, कारण चालण्याचा हिशोब माणूस नेहमी फुगवून धरतो. पण गोळी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. गोळी साखर खाली ओढते, चालणंही ओढतं. दोघांनी मिळून ओढलं आणि पोटात काही नसलं, तर माणूस घाम येऊन थरथरतो, भलतंच बोलतो, आणि कुणी पाहिलं नाही तर तिथंच संपतो. मी असे दोन पेशंट पाहिले आहेत, त्यातला एक घरी गेला नाही.

म्हणून वहिनीची दीड भाकरी मुकाट्यानं खायची. हक्क-बिक्क काय लावलंस? भाकरीला कुठला आलाय हक्क. मला तू शिकवलंस, वसतिगृहात दर महिन्याला येऊन माझं ताट बघून जायचास, आणि आता स्वतःच्या ताटाशी वकिली करतोस.

तो रस्ता मला नीट आठवत नाही. बाभळीखाली दुसऱ्यांची लेकरं सांभाळत बसायचे एवढं आठवतं. आईचा चेहराही आता फोटो बघितल्याशिवाय येत नाही. तू दुसऱ्या रस्त्यानं चाललास तर बरं.

वहिनीला जय भीम सांग. तुझी काळजी आहे म्हणून अशी तोंड टाकून लिहिते, राग धरू नकोस.

तुझी,
पंचशीला


लातूर,
६ मार्च १९८७

चि. पंचशीलास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

सात किलो उतरलो. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. कचेरीत लोक विचारायला लागले की साहेब, कुठल्या टँकरच्या फेऱ्या मारता. डॉक्टर मात्र खुश दिसला नाही. इतक्या झपाट्यानं कसं, असं म्हणाला. मी म्हणालो, मेहनत.

तुझ्याशी खोटं बोलवत नाही, आणि सुमनला खरं सांगवत नाही. चालल्याची भाकरी मी खात नाही.

पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट. तिसऱ्या मैलाचा दगड आहे ना, त्याच्या अलीकडं मला मागं पावलं ऐकू आली. कुणी मजूर बाई असेल म्हणून मी बाजूला झालो. बाई पुढं गेली नाही. वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. परत चालायला लागलो तर परत पावलं, चार हात मागं, एक पाय जरा ओढत. आईच्या पायावर धोंडा पडला होता, ती तशीच चालायची. तू म्हणशील, साखरेनं डोकं फिरलं. मीही तेच म्हटलं. पण रोज तिथंच येते आणि दगडापाशी थांबते. मला भीती वाटत नाही. उलट रात्री झोपताना सकाळ कधी होते असं होतं.

त्या दिवसाचं मी तुला कधी सांगितलं नाही. शिमगा झाला होता, दुसरा दिवस धुळवडीचा. कामावर दुपारी सरकार सुकडी द्यायचं, ते गोड तांबडं पीठ, कामावरच्या प्रत्येक माणसाला एकेक वाटा. मी माझा वाटा खाल्ला होता. अठरा वर्षांचा होतो, पाट्या वाहून वाहून पोटात नुसती आग. आई पदरात तिचा वाटा बांधून आली आणि म्हणाली की माझं खाऊन झालं, हे वरचं उरलंय, तू खा. तिचे ओठ पांढरे होते. ओठांना, बोटांना पिठाचा कण नव्हता. पंचशीला, मला दिसत होतं. ती खोटं बोलत होती हे मला कळत होतं, आणि मी तिचं खरं धरलं. सगळं खाल्लं. बोटंसुद्धा चाटली. दिवस कलायच्या आत ती खडीच्या ढिगावर आडवी झाली. लोक म्हणाले, ऊन लागलं. मी कुणाला काही बोललो नाही.

आता ती रोज येते, मग तिच्या वाट्याची भाकरी मी कशी खाऊ? फडकं सोडतो, भाकरी दगडावर ठेवतो आणि परत फिरतो. आपल्या माणसांनी छप्पन साली दीक्षा घेऊन हे सगळं सोडलं, मेलेल्याला पान वाढणं, कावळ्याची वाट बघणं. आपले वडील जिवंत असते तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. मला ते सगळं समजतं. पण दगडाजवळ गेलं की हात आपोआप सुटतो.

हे पत्र फाडून टाक. सुमनला कळू देऊ नकोस. दादाला येडा समजलीस तरी चालेल, परका समजू नकोस.

नरसिंगदादा


लातूर,
१७ मार्च १९८७

सिस्टर पंचशीलाबाई यांस,
खाजामियाँचा सलाम व जय भीम. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, नरसिंगसाहेबांची तब्येत. आधीच सांगतो, आता खतरा टळला आहे, म्हणून पुढचं शांतपणे वाचा. माझं लिहिणं बेताचं आहे, चुकभूल माफ करा.

सुमनभाभींना शक होता. माणूस बरोबर भाकरी नेतो आणि वाळत चाललाय, हे काय? त्यांनी मला सांगितलं की भाईजान, एक दिवस मागं जा. काल धुळवड, कचेरीला सुट्टी. मी सायकल काढली.

तिसऱ्या मैलाजवळ साहेब दगडाला टेकून बसलेले. अंगावरचा सदरा पिळून काढावा इतका घाम. डोळे उघडे, पण ओळख नाही. मी खांद्याला हलवलं तर त्यांनी माझा हात धरला आणि मला, दाढीवाल्याला, आई म्हणून हाक मारली. बाई, पंचावन्न वर्षांचा आहे मी, तालमीत हाडं मोडून घेतली, पण असा कधी घाबरलो नाही. दगडावर भाकरी होती, हात न लावलेली. आजूबाजूला जुने तुकडे, मुंग्या लागलेले. काल धुळवड म्हणून की काय, भाकरीवर गुळाचा खडा पण ठेवला होता. तोच मी फोडला आणि त्यांच्या गालात कोंबला. मग फाट्यावरच्या हॉटेलातून साखरपाणी आणलं. पाव तासानं त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाले की ती गेली का. मी विचारलं नाही कोण.

दवाखान्यात डॉक्टर लई रागावले. गोळी कमी केली आहे. म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर कुणाच्या हातात काही राहिलं नसतं. साहेब सगळ्याला हाव, हाव म्हणून मान डोलावतात. पण बाई, ते हाव मला कच्चं वाटतं. घरी आल्यावर भाभींनी ताट वाढलं तर निम्मं बाजूला काढून ठेवलं. मी त्यांच्याशी भांडू शकतो, समजावू शकत नाही. तुम्ही काहीतरी लिहा, ते तुमचं ऐकतात.

दुआ करतो. तुम्हीही आम्हा दोघांना मनातून उतरवू नका.

आपला,
खाजामियाँ


नांदेड,
२० मार्च १९८७

ती. दादास,
पंचशीलाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर दोनदा लिहून फाडलं, तोवर खाजामियाँचं पत्र मिळालं. रजा मागितली आहे, बदली माणूस मिळाला की निघते. तोवर हे वाच, आणि बसून वाच.

खडीच्या कामावर आपल्या पालाशेजारी सालेहाचाची होती ना, धर्माबादकडची? ती आमच्याकडं डोळ्याच्या ऑपरेशनला आली आहे. मी नाव सांगितलं तर तिनं मला चाचपून पाहिलं आणि नागुबाईची लेक का म्हणून रडली. मी तिला त्या दिवसाचं विचारलं. दादा, ती म्हणाली की त्या दुपारी तिचा रोजा होता. तिनं तिची सुकडी आईला दिली आणि आईनं ती तिच्यासमोर, बाभळीखाली बसून पोटभर खाल्ली. वर पाणी प्यायली, तोंड धुतलं. म्हणून तिच्या ओठाला काही नव्हतं. मग तिचा स्वतःचा वाटा शिल्लक राहिला, तो तिनं तुला दिला. ती खरं बोलली होती. ती उपाशी मेली नाही. उन्हानंच गेली.

चौदा वर्षं तू हे एकट्यानं उरावर घेऊन हिंडलास आणि मला ताटं वाढलीस. मला तुझा भयंकर राग आलाय. समज चाचीचं सांगणं नसतंच, तरी काय? आईनं दिलेला घास तुझ्या अंगात गेला, त्याच अंगानं तू मला शिकवलंस. ते अंग तू रस्त्यावर जाळून टाकणार आणि वर दगडाला भाकरी दाखवणार? माझं म्हणून कुणी राहिलंय का तुझ्याशिवाय? रात्रपाळीला कुठलाही घामेजलेला पेशंट आणला की मला तू दिसतोस. मला आईचा चेहरा आठवत नाही, पण तुझा विसरायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

भाकरी खा. एवढं ऐकलंस तर जन्मभर दुसरं काही मागणार नाही.

तुझीच,
पंचशीला


लातूर,
१२ एप्रिल १९८७

चि. पंचशीलास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तीन दिवस पोटभर जेवलो. सुमन स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती. तीन दिवस मला कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी आनंदानं खाजामियाँना सांगितलं. ते आधी खुश झाले, मग बोटांवर मोजायला लागले. रमजान दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतो. त्यांनी चौदा वर्षं मागं मोजलं आणि माझ्याकडं बघेनात. तोवर मलाही आठवलं. त्या साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती. सालेहाचाचीनं बिनदुधाचा शीरखुर्मा आपल्या पालात आणून दिला होता, तू नाक मुरडलं होतंस. शिमग्याला कुठला आला रोजा, पंचशीला? तू नऊ वर्षांची होतीस, तुला काय आठवणार. तुझ्या दवाखान्यात कुणी सालेहाचाची नाही, हे मला न विचारताच कळलं.

राग आला. खूप आला. दुसऱ्या दिवशी पहाटे तडक दगडापाशी गेलो, सुमन नको म्हणत असताना. भाकरी ठेवली आणि परत फिरलो. दहा पावलं गेलो असेन. मग मनात आलं, की माझी बहीण, जिनं आयुष्यात औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा खोटा आकडा लिहिला नाही, तिनं रात्रपाळी करून, बसून, माझ्यासाठी एक अख्खी बाई रचली. तिला ऑपरेशन करवलं, रडवलं. आईनं एवढं केलं नव्हतं, तिनं एका वाक्यात भागवलं होतं. त्या दिवशी आईचं खोटं मी माझ्या पोटासाठी खरं धरलं. तुझं खोटं तुझ्यासाठी खरं धरायला काय हरकत आहे?

परत आलो. दगडावर बसलो आणि दीड भाकरी खाल्ली. कोरडीच, पाणी न्यायचं विसरलो होतो. घशाखाली उतरत नव्हती, तरी खाल्ली. मागं वळून पाहिलं नाही.

आता रोज खातो. गोळी अर्ध्यावर आहे, वजन आठवड्याला पावशेर-अर्धा किलो उतरतं, डॉक्टर याला चांगलं म्हणतो. खाजामियाँ सायकल घेऊन बरोबर येतात आणि तालमीच्या त्याच त्या गोष्टी सांगतात.

फक्त एक झालं. ज्या दिवशी भाकरी खाल्ली त्या दिवसापासून पावलं बंद झाली. मी मुद्दाम खाजामियाँना पुढं पाठवतो आणि तिसऱ्या मैलाच्या अलीकडं हळू चालतो, थांबतो, कान देतो. काही नाही. तू म्हणशील, साखर ताळ्यावर आली. असेल. पण चौदा वर्षांनी ती दीड महिना माझ्यामागं चालली होती, पंचशीला, आणि मी जेवलो तशी निघून गेली. मला तिची फार आठवण येते.

रजा मिळाली की ये. खोटं बोललीस म्हणून रागावणार नाही, पण दादापाशी चार दिवस राहायचं कबूल कर.

तुझा,
नरसिंगदादा